बुधवारची वलंदेजी शाळा

मी दर बुधवारी संध्याकाळी डच इतिहास शिकवते. हो, डच, जुन्या मराठीत ज्यांना वलंदेज म्हणायचे ते. नाशिकला, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून. समोर स्क्रीनवर सहा-सात मराठी पोरं असतात, नऊ ते बारा वर्षांची, सगळी आयंधोव्हन आणि व्हेल्डहोव्हनकडची, म्हणजे जिथे ती चिपा छापायची मशिनं बनतात ना, तिकडची. आईबाप तिथे इंजिनियर. बुधवार अशासाठी की तिकडे बऱ्याच शाळा बुधवारी दुपारीच सुटतात, तिकडचे दोन म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेपाच. एकीकडे माझा कुकर चालू असतो, तिकडे कोणाच्या तरी तोंडात ब्रेडवर चॉकलेटची बारीक दाणेदार पखरण घातलेला घास असतो (हे लोक खरंच जेवण म्हणून खातात ते).

सुरुवात माझ्या भाचीच्या मुलामुळे झाली. तो तिकडच्या शाळेत ग्रूप सातमध्ये, म्हणजे आपली पाचवी धरा. एके दिवशी कॉलवर माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आजीला, फुशारकीने सांगतो, "आजी, माहितेय, आपण स्पेनशी ऐंशी वर्षं लढलो आणि जिंकलो!" बहीण म्हणाली, "आपण? आपण कधी रे लढलो स्पेनशी? आपण औरंगजेबाशी लढलो." तो म्हणाला, "तो कोण?" झालं. बहिणीने फोन माझ्याकडे दिला, तूच बघ बाई हे, तू इतिहासाची मास्तरीण.

माझं आयुष्य मराठी शाळेत इतिहास-भूगोल शिकवण्यात गेलं. चौथीला अख्खं वर्ष शिवाजी महाराज, ते पुस्तक तर कितीतरी पोरांना वर्ष संपायच्या आत तोंडपाठ व्हायचं. बहिणीचं म्हणणं होतं की त्याला आधी आपलं शिकव. मला वाटलं, त्याला रोज वर्गात बसून जे शिकायचंय ते त्याच्या घरात कोणालाच माहीत नाही, आई नाही बाप नाही, जेवताना त्यावर बोलायला माणूस नाही, तर आधी ते घेऊ. आणि आपलं त्याच्या शेजारी ठेवत जाऊ, काळाच्या एकाच पट्टीवर. म्हणून मीच वाचायला बसले, अनुवादाचं ॲप हाताशी धरून. हळूहळू त्याचे मित्र आले, मित्रांची भावंडं आली, आणि मी सगळ्यांची मावशीआजी झाले.

तिकडची पद्धत आधी सांगते, कारण आपल्या शिक्षकांना गंमत वाटेल. आपल्यासारखं बालभारतीचं एकच पुस्तक असा प्रकार तिथे नाही. त्यांच्या राज्यघटनेतलं २३वं कलम शिक्षणाच्या स्वातंत्र्याचं आहे, १९१७ साली त्यावर मोठी तडजोड झाली, तेव्हापासून सरकारी आणि धार्मिक अशा दोन्ही शाळांना सारखाच सरकारी पैसा मिळतो आणि कुठलं पुस्तक लावायचं ते शाळा ठरवते. पण मग देशाचा म्हणून एक सामाईक इतिहास मुलांना कळणार कसा, हा प्रश्न उरतोच. म्हणून २००६ साली फ्रिट्स फान ओस्ट्रोम नावाच्या प्राध्यापकांच्या समितीने एक यादी केली, तिला ते कानॉन म्हणतात, त्यात ५० 'खिडक्या'. एकेका खिडकीतून एकेक माणूस नाहीतर घटना नाहीतर वस्तू दिसते. २०२० साली दुसऱ्या समितीने ती बदलली, काही जुने राजे बाहेर गेले, काही नवीन लोक आत आले. यादीवरून तिकडे बऱ्यापैकी भांडणंही झाली म्हणे, ते वाचून मला फार बरं वाटलं, पाठ्यपुस्तकावरून भांडणारे आपणच एकटे नाही!

याशिवाय त्यांनी सगळा इतिहास दहा काळांत कापलाय आणि प्रत्येक काळाला जोडनाव दिलंय. शिकारी आणि शेतकऱ्यांचा काळ, साधू आणि सरदारांचा काळ, शहरं आणि राज्यांचा काळ असं करत करत अठराव्या शतकाला 'विग आणि क्रांत्यांचा काळ', आणि आत्ताचा 'टीव्ही आणि कॉम्प्युटरचा काळ'. प्रत्येकाला एक छोटं चित्र. पोरांना हे पाठ असतं, झोपेतून उठवून विचारा. मी सांगितलं की आता महाराष्ट्राचे असे काळ पाडा बघू, तर लेण्यांचा काळ, किल्ल्यांचा काळ, रेल्वे आणि गिरण्यांचा काळ अशी फटाफट नावं आली, आणि एकीने शेवटच्या काळाला 'आयटी आणि व्हिसाचा काळ' असं नाव दिलं. मी ते फळ्यावर, म्हणजे स्क्रीनवर, तसंच ठेवलंय.

एक तक्रार मात्र आहे माझी या खिडक्यांबद्दल. पोरांना प्रत्येक खिडकी माहीत असते पण दोन खिडक्यांमधली भिंत माहीत नसते. रेम्ब्रांट माहितेय, व्हीओसी म्हणजे डचांची ईस्ट इंडिया कंपनी माहितेय, पण रेम्ब्रांटला चित्रं काढायला पैसे देणारा व्यापारी कुठून आला, हे विचारलं की गप्प. आपल्याकडे उलटं आहे, सनावळ्यांची साखळी पक्की पण तिच्यात माणूस दिसत नाही. दोन्हीचं काहीतरी मधलं करावं लागतं आणि ते घरचाच कोणीतरी करू शकतो असं माझं मत झालंय.

तर पट्टी. एक लांबच लांब पट्टी, वर तिकडचं, खाली इकडचं. सुरुवातीलाच मजा आली. त्यांची पहिली-दुसरी खिडकी आहे ह्यूनेबेडांची, द्रेन्थे भागात प्रचंड दगडांची थडगी आहेत, पाच हजार वर्षांपूर्वीची, देशात मिळून ५४ उरलीत. एवढाले दगड माणसाने हलवले यावर जुन्या लोकांचा विश्वासच बसला नाही, म्हणून राक्षसांनी बांधली असं म्हणायचे. मी लगेच पांडवलेण्यांचे फोटो दाखवले. आमच्या घरापासून रिक्षाने किती वेळ, ती २४ बौद्ध लेणी, सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातली, आणि लोकांनी ठरवलं पांडवांनी कोरली. भाचीचा मुलगा म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडचे लोक सेमच गप्पा मारायचे." मग रोमन. रोमन साम्राज्याची उत्तरेकडची हद्द ऱ्हाईन नदीवर होती, आत्ताच्या उट्रेख्टमध्ये सैनिकांची छावणी होती. त्याच सुमाराला इकडे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यांना दान देत होता, कोकणातल्या बंदरांतून रोमनांशी व्यापार चालू होता, आणि गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवून त्याच्याच नाण्यांवर आपला ठसा मारला, ती नाणी १९०६ साली आपल्या जोगलटेंभीला सापडली, १३ हजारांहून जास्त! म्हणजे रोमच्या एका टोकाला तुमचं गाव आणि दुसऱ्या टोकाला माझं, असं सांगितलं तर धाकटीने नकाशावर बोट फिरवून खात्री करून घेतली.

आता ती ऐंशी वर्षांची लढाई. १५६८ ते १६४८. हे शिकवायला मला सगळ्यात जास्त मजा आली कारण यात सगळं आहे, धर्म, कर, वेढा, दगाफटका. स्पेनचा राजा दुसरा फिलिप हा त्यांचा वारसाहक्काने आलेला राजाच होता, बाहेरून चालून आलेला नव्हे, हे मुलांना आधी पटतच नाही. त्याने प्रॉटेस्टंट लोकांचा छळ चालवला, १५६६ साली लोकांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, मग राजाने आल्बा नावाचा कर्दनकाळ सरदार सैन्य घेऊन पाठवला. आल्बाने 'दहावा पैसा' नावाचा कर लावायचा घाट घातला, प्रत्येक विक्रीवर दहा टक्के. इथे मागून कोणाचेतरी बाबा म्हणाले, "दहाच? आम्ही एकवीस भरतो." पुढे १५८१ साली त्यांनी सरळ कागदच काढला की राजा हा प्रजेसाठी असतो, मेंढपाळ मेंढरांसाठी असतो तसा, त्याने छळ केला तर आम्ही त्याला राजा मानत नाही. त्यांचा पुढारी विलेम फान ओरान्ये, त्याला १५८४ साली डेल्फ्टमध्ये घरातच गोळ्या घातल्या, भिंतीतली भोकं अजून दाखवतात. तिघांनी पाहिलीयेत ती भोकं, शाळेच्या ट्रिपला. आणि लायडनचा वेढा! १५७४ साली शहर उपाशी मरायला टेकलं होतं तेव्हा यांनी स्वतःचे बांध फोडून स्वतःच्याच शेतांत पाणी सोडलं, त्या पाण्यावरून सपाट बुडाच्या होड्या घेऊन बंडखोर आले, वारा फिरला, पाणी चढलं आणि स्पॅनिश सैन्य पळालं. अजून ३ ऑक्टोबरला लायडनमध्ये खारवलेला मासा आणि पाव वाटतात. शेतं बुडवून शहर वाचवणं हे पोरांना ग्रेट वाटतं, मला सारखं वाटत राहिलं की ती शेतं कोणाची होती, त्यांना विचारलं असेल का. तेही मी मुलांना विचारलं. एकजण म्हणाला, "त्यांना नंतर भरपाई दिली असेल ना?" सरकारी नोकराचा नातू शोभतो.

पट्टीच्या खालच्या बाजूला १६४८ साली काय? शहाजीराजांना जिंजीजवळ कैद झाली ते साल. महाराज अठरा वर्षांचे. तिकडे म्युन्स्टरला स्पेनने सही करून डच स्वतंत्र आहेत हे मान्य केलं आणि इकडे आपलं नुकतं कुठे सुरू होत होतं.

आणि १६७२! हे मला स्वतःला शिकवता शिकवता दिसलं आणि मी खुर्चीतून उठलेच. डच लोक १६७२ ला संकटाचं वर्ष म्हणतात. फ्रान्स, इंग्लंड आणि जर्मनीतले दोन बिशप असे चौघे मिळून एकाच वर्षी यांच्यावर चालून आले, पुन्हा शेतांत पाणी सोडून कसाबसा हॉलंड वाचवला, आणि चिडलेल्या जमावाने द हेगमध्ये आपलाच पुढारी योहान द विट आणि त्याचा भाऊ यांना ठार मारलं, ते तर इतकं भयानक आहे की मी अर्धंच सांगितलं. त्याच १६७२ च्या सुरुवातीला आपल्या नाशिक जिल्ह्यात, बागलाणात, साल्हेरच्या पायथ्याला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मोगलांना समोरासमोरच्या मोकळ्या मैदानात हरवलं. एकाच वर्षी एकाची धूळधाण आणि एकाचा सर्वात मोठा विजय. त्यांच्या शाळेच्या भिंतीवर १६७२ लिहिलेलं असतं, आता तिथे सहा-सात पोरांना मनातल्या मनात साल्हेर दिसतो, एवढं पुष्कळ झालं.

अवघड प्रश्न पीट हाईनवरून आला. हा त्यांचा दर्यासारंग, १६२८ साली याने क्युबाजवळ स्पेनचा चांदीने भरलेला अख्खा काफिला पकडला, एक कोटीहून जास्त गिल्डरांचा माल. त्याच्यावर गाणं आहे, फुटबॉलच्या मॅचला अजून म्हणतात. आता माझ्या पोरांनी आदल्याच आठवड्यात सुरतेची लूट ऐकली होती, १६६४ ची, आणि त्यात डच वखारवाल्यांनी दारं लावून स्वतःचा बचाव केला हेही. तर एकीने विचारलं, "मावशीआजी, पीट हाईनने लुटलं तर तो हीरो, मग वर्गात शिवाजी महाराजांचं सांगितलं आणि कोणी त्यांना लुटारू म्हणालं तर?" खरंच म्हणतात की, जुन्या इंग्रजी आणि डच कागदांत तसंच लिहिलंय. आम्ही मग दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. लढाई कोणाशी होती, पैसा कोणाचा होता, तो कशाला वापरला. मोगलांनी स्वराज्याचा मुलूख वर्षानुवर्षं जाळला होता, त्याची भरपाई त्यांच्या सगळ्यात श्रीमंत बंदरातून काढली. स्पेनचा पैसा म्हणजे अमेरिकेतल्या खाणींतली चांदी, ती कोणी खणली, तिथल्या मूळ लोकांनी, जबरदस्तीने. आणि पीट हाईनला पाठवणारी जी कंपनी होती, तिने पुढे माणसांच्या खरेदीविक्रीत हात घातला. मग पोरगी म्हणाली, "म्हणजे दोघांचंही पूर्ण सांगायला पाहिजे, गाणं नुसतं नको." मी यात काही घातलं नाही.

पाणी हा विषय मी मुद्दाम लांबवला कारण डच इतिहासाची नाडी तिथे आहे, राजेरजवाडे नंतर. देशाचा पाव भागाहून थोडी जास्त जमीन समुद्रसपाटीच्या खाली. १६१२ साली त्यांनी बेमस्टर नावाचं अख्खं तळं पवनचक्क्या लावून उपसून काढलं आणि तळाशी चौकोनी शेतं आखली. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळ आणि भरती एकत्र आली, बांध फुटले, १८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी डेल्टाची प्रचंड कामं काढली. पण तुम्हाला 'समुद्रसपाटीच्या खाली' हे मुलांच्या डोक्यात घालायचं असेल तर? मी त्यांना आपल्या दुतोंड्या मारुतीचा फोटो दाखवला. गोदावरीच्या पात्रात उभा आहे तो, आणि नाशिकचा माणूस पूर सेंटिमीटरमध्ये मोजत नाही, मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं असं सांगतो, आणि २०१६ ला नि २०१९ ला डोक्यावरून गेलं. आता विचार करा की मारुती बुडालेला आहे आणि पाणी कायम तिथेच राहणार आहे, आणि तुमचं घर त्याच्या पायाशी, मध्ये फक्त बांध. पोरं गप्प झाली. मग एक म्हणाला आमच्याकडे ॲम्स्टरडॅमची पातळी शून्य धरतात आणि देशभर त्याच्यावरून मोजतात. बरोबर, तो त्यांचा मारुती.

(आणि हो, ते बांधाच्या भोकात बोट घालून रात्रभर बसणारं डच पोरगं, जे आपण सगळ्यांनी इंग्रजीच्या पुस्तकात वाचलंय, ती डच गोष्टच नाही, अमेरिकेतल्या एका पुस्तकामुळे ती जगभर झाली. माझ्या वर्गातल्या एकालाही ती माहीत नव्हती, उलट बोटाने बांध कसा वाचेल मावशीआजी असं विचारलं. माझी इतक्या वर्षांची श्रद्धा!)

बांध राखायचा कोणी, हा प्रश्न त्यांनी फार जुन्या काळात सोडवला. तेराव्या शतकापासून त्यांच्याकडे पाण्याची वेगळी मंडळं आहेत, राजाची नव्हेत, ज्यांची जमीन बुडेल त्यांनी एकत्र येऊन केलेली, स्वतःचा कर, स्वतःचे नियम. आजही अशी २१ मंडळं आहेत आणि त्यांची वेगळी निवडणूक होते. हे ऐकून मला बागलाणची फड पद्धत आठवली नसती तरच नवल, माझं माहेर तिकडचं. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर तीनशे वर्षांहून जुने दगडी बंधारे आहेत, बंधाऱ्यातून पाट निघतो, खालच्या थळाचे, म्हणजे त्या पाटावर भिजणाऱ्या जमिनीचे, फड म्हणजे मोठे तुकडे पाडलेले असतात, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी वरून खाली पाळीने, पाटकरी आणि जागल्या गावानेच नेमलेले, भांडण झालं तर पंच. सरकार कुठेच नाही. त्यांच्याकडे पाणी जास्त म्हणून एकत्र आले, आपल्याकडे कमी म्हणून. धरणं झाली, विहिरी आणि मोटारी झाल्या तशी आपल्याकडची बरीच थळं मोडली, त्यांची मंडळं मात्र टिकली, कारण कर गोळा करायचा हक्क त्यांनी सोडला नाही असं माझं मत, हे मुलांना नाही सांगितलं, इथे सांगतेय.

आता व्हीओसी. १६०२ साली निघालेली कंपनी, कोणीही शेअर घ्यावेत, ॲम्स्टरडॅमला त्याची खरेदीविक्री व्हायची. तिकडे शाळेत प्रत्येक पोराला वर्षातून एकदा वर्गासमोर उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं, त्याला स्प्रेकबर्त म्हणतात. भाचीच्या मुलाने विषय घेतला व्हीओसी, आणि तो सगळेच घेतात, जहाजं मसाले वगैरे. मी म्हटलं तू वेंगुर्ला घे. कारण १६३७ साली व्हीओसीने वेंगुर्ल्याला वखार टाकली, गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवायला, आणि तिथे बसलेले डच अधिकारी वर जी पत्रं पाठवायचे त्यांत महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत. आज्ञापत्र या आपल्या राजनीतीवरच्या जुन्या ग्रंथात टोपीकरांच्या, म्हणजे युरोपियनांच्या, यादीत इंग्रज, फिरंग्यांबरोबर वलंदेज आहेतच. नाताळच्या सुट्टीत ते लोक इकडे आले होते तेव्हा वखार बघून आले. छप्पर गेलंय, भिंती उभ्या आहेत, झाडं उगवलीत. त्याला फार आवडली, कारण तिथे तिकीट नाही की काच नाही, भिंतीला हात लावता येतो.

मग मी त्याला राईक्सम्युझियमच्या वेबसाइटवरचं महाराजांचं चित्र दाखवलं. विट्सेन नावाच्या ॲम्स्टरडॅमच्या महापौराच्या संग्रहातल्या आल्बममध्ये ते आहे, गोवळकोंड्याच्या शैलीतलं, १६८० च्या दशकातलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "हे ॲम्स्टरडॅमला आहे? आमच्या ॲम्स्टरडॅमला?"

बोलणं चांगलं झालं म्हणे. भाची सांगत होती, वर्गशिक्षिकेला वेंगुर्ला माहीतच नव्हतं, आणि एका मुलाने विचारलं, मग तुझे लोक आमचे दोस्त होते का दुश्मन? याने सांगितलं, "गिऱ्हाईक." मी हसले तर हसले, पण खरंच याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं. आता जानेवारी ते एप्रिल आपल्या दिंडोरी-पिंपळगावची द्राक्षं कंटेनर भरभरून रॉटरडॅमलाच उतरतात. गिऱ्हाइकी उलटली एवढंच.

पण व्हीओसी म्हणजे नुसती गिऱ्हाइकी नव्हे, हे सांगणं भागच होतं. आपण श्रीखंडात घालतो ते जायफळ मी कॅमेऱ्यासमोर धरलं. सतराव्या शतकात हे जगात एकाच ठिकाणी व्हायचं, इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर. तिथले लोक इंग्रजांनाही विकतात, आपल्यालाच विकत नाहीत म्हणून १६२१ साली व्हीओसीचा गव्हर्नर जनरल यान पीटर्सझोन कून सैन्य घेऊन गेला. बेटांवर साधारण १५ हजार लोक होते. मारले, उपाशी ठेवले, हाकलले, गुलाम करून नेले, थोडेच उरले. मग तिथे बाहेरून गुलाम आणून जायफळाच्या बागा चालवल्या. या कूनचा पुतळा होर्न गावाच्या चौकात आहे आणि तो ठेवायचा की काढायचा यावर तिकडे वाद चालू असतो. लगेच सगळ्यांना हलकं वाटावं म्हणून मी रन बेटाची गोष्ट सांगितली, की तिथलंच एक चिमुकलं बेट इंग्रजांनी सोडलं आणि डचांनी अमेरिकेतलं न्यू ॲम्स्टरडॅम सोडलं, १६६७ चा तह, आणि ते झालं न्यूयॉर्क. "लॉस झाला ना आपला!" पुन्हा आपला.

गुलामीवर एक पालक नाराज झाले. मेसेज आला, मुलं लहान आहेत, एवढं डिटेल कशाला, टेस्टपुरतं सांगा ना. मी सभ्यपणे लिहिलं की ते शाळेतही आहे. आणि आहेच. कानॉनमध्ये जशी रेम्ब्रांटची खिडकी तशी गुलामीची खिडकी, त्याच आकाराची. २०२० मध्ये आंतोन द कोम यांना आत घेतलं, दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, सुरिनाममध्ये जन्मलेले, वडील गुलामीत जन्मलेले, ज्यांनी १९३४ साली सुरिनामचा इतिहास गुलामांच्या बाजूने लिहिला आणि पुढे नाझींविरुद्ध काम करताना पकडले जाऊन छळछावणीत गेले. डचांनी सुरिनाम आणि कॅरिबियन बेटांवरची गुलामी १ जुलै १८६३ ला कायद्याने संपवली, पण सुरिनाममध्ये सुटलेल्यांना अजून दहा वर्षं मळ्यावरच राबवलं. आणि ती दहा वर्षं संपली त्याच साली, १८७३ ला, कलकत्त्याहून पहिलं जहाज आपले बिहार-यूपीकडचे मजूर घेऊन पोचलं, करारावर. पुढे १९१६ पर्यंत ३४ हजारांच्या आसपास गेले. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वर्गात त्या लोकांच्या वंशातली मुलगी आहे, नाव आपल्यासारखं, घरी दिवाळी, आणि हिला वाटायचं ती पण पुण्या-दिल्लीहून आलेली असेल. तो धडा झाल्यावर ती तिच्याशी जाऊन बोलली. २०२३ च्या १ जुलैला डच राजाने गुलामीबद्दल माफी मागितली, हे पोरांनी टीव्हीवर पाहिलेलं.

याच वेळी मी १६७७ चं सांगितलं. महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर असताना डचांना जो कौल, म्हणजे परवान्याचा कागद, दिला त्यात स्पष्ट आहे की माझ्या अमलात तुम्हाला इथून माणसं विकत घेऊन नेता येणार नाहीत, आधीच्या राजवटीत चालत असेल, आता नाही. आणि हे डचांच्याच कागदांत राहिलंय. भाचीच्या मुलाने गणित केलं, "१८६ वर्षं आधी!" आणि मुठी वर. मग मला तेही सांगावं लागलं की आपल्याकडे पुढे पेशवाईत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्याच्या नोंदी आहेत. मुठी खाली आल्या. बहीण कडेला बसून ऐकत होती, ती नंतर मला म्हणाली, "हे सांगायची काय गरज होती?" पीट हाईनचं पूर्ण सांगायला पाहिजे हे त्याच पोरांनी ठरवलेलं, मग आता मी कुठल्या तोंडाने हात आखडता घेऊ.

दुसरं महायुद्ध मी फारसं घेतलं नाही. ते त्यांच्या शाळा इतकं नीट करतात की मी मध्ये पडायचं कारणच नाही. ४ मेला रात्री आठ वाजता अख्खा देश दोन मिनिटं थांबतो, पोरं पण थांबतात, त्यांना कोणी समजावून सांगावं लागत नाही. ट्युलिपचे कांदे खाऊन काढलेल्या १९४४-४५ च्या हिवाळ्याबद्दल तर त्यांनीच मला सांगितलं. तत्त्वज्ञ स्पिनोझा नि शास्त्रज्ञ हायगेन्सही मी गाळले, दहा वर्षांच्या मुलाला स्पिनोझा समजावणारा मास्तर भेटला तर मी त्याची शिकवणी लावीन.

आता पुढे इंडोनेशिया आहे आणि पट्टीवर घोळ आहे. इंडोनेशिया म्हणतं आम्ही १७ ऑगस्ट १९४५ ला स्वतंत्र झालो, डच पुस्तकांत वर्षानुवर्षं २७ डिसेंबर १९४९ असं होतं, मधली चार वर्षं लढाई, जिला तेव्हाचं डच सरकार 'पोलिसी कारवाई' म्हणायचं. पोलिसी कारवाई म्हटलं की आपल्याला हैदराबाद आठवतं, १९४८, ते मी खाली लिहून ठेवलंय, त्यावर काय प्रश्न येतील त्याची तयारी चालू आहे. २०२३ ला डच पंतप्रधानांनी १७ ऑगस्ट ही तारीख पूर्णपणे मान्य असल्याचं संसदेत सांगितलं. मुलांना मी अजून काही सांगितलेलं नाही, नुसत्या दोन तारखा दिल्यात आणि पट्टीवर कुठली लावायची ते ठरवून या म्हटलंय. भाचीच्या मुलाचा मेसेज आला की त्याच्या शेजारच्या बेंचवरच्या मित्राची आजी जकार्ताची आहे, तिला विचारून येतो.

त्याआधी एक काम करायचंय, त्यासाठी खरं तर ही पोस्ट. पोरांना फड बघायचाय, फोटो नको म्हणाले, वाहतं पाणी पाहिजे. कोणाचं गाव मोसम किंवा आरमच्या काठी असेल आणि पाट अजून चालू असेल, पाटकरी बोलायला तयार असेल, तर कळवा. रब्बीचं पाणी सुटेल तेव्हाचा एखादा बुधवार, संध्याकाळी उजेड असेपर्यंत, आणि तिथे मोबाईलला रेंज पाहिजे.